एकविसावी संकष्टी, लाओसच्या घाटात

मी नवस बोलणारी बाई नव्हे. चोवीस वर्षं यवतमाळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून उभी राहिले. टाके घालण्याआधी चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे मोजायचे, आकडा जुळला की डॉक्टरांना सांगायचं आणि मगच पोट शिवायचं, हे माझं काम. जे मोजता येतं त्यावर भरवसा ठेवायची सवय तिथेच लागली. घरीही माझ्या याद्या असतात. किराण्याची, गोळ्यांची, पाहुण्यांच्या अंथरुणांची. पण नागपूरला आमच्या ह्यांची बायपास चालू होती, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराबाहेर बसायची पाळी माझ्यावर आली. आत कोण काय मोजतंय ते मला दिसत नव्हतं. त्या पाच-साडेपाच तासांत कधीतरी तोंडातून निघून गेलं, ‘कळंबच्या चिंतामणी, ह्यांना घरी आण. मी तुझ्या एकवीस संकष्ट्या करीन. चंद्र पाहिल्याशिवाय अन्नाचा कण घेणार नाही.’

हे घरी आले. मी वहीत एकवीस चौकोन आखले आणि दर महिन्याला एकेकात खूण करू लागले. फळांवर दिवस काढायचा, संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राची वाट पाहायची, मग आरती, मग जेवण. सुरुवातीला मन भरून यायचं. पण आठ-दहा खुणा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही भक्ती राहिलेली नाही, हा पहारा झाला आहे. एखादी खूण चुकली तर ह्यांच्या छातीत पुन्हा काहीतरी बिघडेल, ही भीती मनात घर करून बसली होती. माणूस गोळ्यांनी, अळणी जेवणानं आणि रोजच्या फिरण्यानं बरा राहतो, हे मी शेकडो पेशंटना सांगितलेलं. स्वतःला मात्र ते पटवता येत नव्हतं. माझा विश्वास देवावर आहे की माझ्या वहीवर, हा प्रश्न रात्री पडायचा आणि सकाळी कामाच्या गडबडीत मी तो बाजूला सारायची. हे मी कोणाला बोलले नाही. ह्यांना तर नाहीच.

सायकल त्याच काळात आयुष्यात आली. डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं, ते चालायचे आणि मी जुन्या लेडीज सायकलवर शेजारून हळूहळू चालवायची. मग एकदा एकटीच दिग्रसला जाऊन आले. मग आमच्या आर्णीहून यवतमाळ, आणि एका रविवारी थेट कळंबपर्यंत. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. चौसष्ट-पासष्ट किलोमीटर सायकल मारून त्या पायऱ्या उतरताना मांड्या थरथरत होत्या आणि मन मात्र फार दिवसांनी रिकामं होतं. ह्यांचं मेन रोडवर टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांनीच मला पंक्चर काढायला, स्पोक बदलायला, ब्रेकची तार ओढायला शिकवलं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया असा अडीच महिन्यांचा बेत कागदावर उतरला. एकटीनंच जायचं. यादी अकरा पानांची झाली.

एकच गोष्ट अडत होती. वीस संकष्ट्या झाल्या होत्या. एकविसावी प्रवासात येत होती.

“मग उशिरा जाते मी. ती एक होऊन जाऊ द्या,” मी म्हटलं.

“अन् मग तिकडं उन्हाळा लागते. तूच सांगतलं मले,” हे म्हणाले. “अवं, तिकडं काय चंद्र उगवत नाही काय? जाय तू. इथं बसून माह्या गोळ्या मोजण्यापेक्षा तिकडचे डोंगर मोज.”

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या कमलाबाई सामान पाहायला आल्या. सायकलच्या चारही बाजूंना लटकवलेल्या पिशव्या बघून त्यांनी गालाला हात लावला. “काय वं सिस्टर, येवढी शिकलेली बाई तू, अन् सायकलवर परदेशात जाऊन राह्यली? गाडीत पेट्रोल टाकाले भाऊजी नाही म्हनते काय?”

हे पायरीवर बसून चेन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “मी तं पेट्रोल टाकतो म्हटलं होतं, वहिनी. पन तिले हवाच भरा लागते.”

थायलंडमधले तीन आठवडे माझ्या यादीप्रमाणे गेले. सपाट रस्ते, दोन्ही बाजूंना उसाची आणि कसाव्याची शेतं. ज्या साबुदाण्यावर आपण उपास काढतो तो या कसाव्याच्या कंदापासून होतो, हे मला माहीत होतं. पण मैलोन्‌मैल ती शेतं बघताना हसू आलं, आपल्या सगळ्या एकादश्या इथे उभ्या आहेत म्हणून. मग मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये शिरले. इथून पूर्वेला व्हिएतनामच्या सरहद्दीकडे जाणारा रस्ता डोंगरातून जातो. चुनखडीचे काळे, उभे सुळके, मधून लाकडी खांबांवर उभी घरं, आणि व्हिएतनामकडून येणारे अवजड ट्रक. वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक पाहिलेल्या माणसाला त्यांची भीती वाटत नाही, पण घाटात त्यांच्यासाठी सारखं कडेच्या खडीत उतरावं लागायचं.

संकष्टीच्या दिवशी सायकल चालवायची नाही, एका गावात थांबून विश्रांती घ्यायची, असं मी निघण्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं. पण दोन दिवस आधी मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले आणि ती सुट्टी मी तिथेच खर्च केली. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी यादी पाहताना मी त्या ओळीवर काट मारली आणि पुढे लिहिलं, ‘बावन्न कि.मी. घाट. जमेल.’ बहुतेक संकष्ट्या मी आठ-आठ तास थिएटरमध्ये उभी राहून काढल्या होत्या, मग बसून पॅडल मारायला काय जातंय, असा माझा हिशेब. हा ताठा होता, हे आज कळतं. सकाळी उठून पाहते तर उपासासाठी घरून आणलेल्या, जपून ठेवलेल्या राजगिऱ्याच्या लाडवांना लाल मुंग्या लागलेल्या. डब्यात लाडू कमी आणि मुंग्या जास्त. बाजारात चार केळी मिळाली. ती घेतली आणि निघाले.

चार केळी दहा वाजेपर्यंत संपली. बाराला ऊन चढलं. घाट सुरू झाला तो संपेना. दोनच्या सुमाराला कपाळावर गार घाम आला, हात थरथरू लागले, जीभ जड झाली. पेशंटमध्ये ही लक्षणं मी हजार वेळा पाहिली होती, रक्तातली साखर उतरली. पुढच्या डाव्या पिशवीत ग्लुकोजची पावडर होती. पण उपासाच्या दिवशी घशाखाली काय जाऊ द्यायचं याबद्दल मी इतकी कडक झाले होते, की तेवढं वळण चढून मग बघू, असं म्हणत राहिले. वळण चढले. पुढे आणखी एक होतं. तेव्हा कुठे सायकल कड्याला टेकवली आणि पिशवीचं बकल उघडायला गेले, तर बोटं ऐकेनात. दोन वर्षं ज्या माणसाच्या काळजीनं मी हा पहारा देत होते त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मनात एकच वाक्य होतं, ‘चिंतामणी, आता माझ्या हातात काही नाही.’ प्रार्थना म्हणून मी ते म्हटलं नव्हतं. खरंच हातात काही नव्हतं. मग मी खडीत बसले, आणि बसल्याची आठवण आहे तेवढीच.

जाग आली तेव्हा कोणीतरी माझी मान धरून ओठांना पेला लावत होतं. साखरेचं पाणी होतं. एक सत्तरीची बारीक बाई, आणि तिच्या मागे चाळिशीतली तिची मुलगी. दोघी स्कूटरवरून बाजारातून घरी चालल्या होत्या. मुलीनं काही वर्षं थायलंडमध्ये हॉटेलात काम केलं होतं, तिला मोडकं इंग्रजी येत होतं. साखरेचं पाणी उपासाला चालतं, अशी मी त्या अवस्थेतही मनात नोंद केली. त्यांनी मला दोघींच्या मध्ये स्कूटरवर बसवलं. सायकल मागून कोणाच्या तरी पॉवर टिलरच्या ट्रॉलीत आली.

त्यांचं घर वळणापलीकडेच होतं. उंच लाकडी खांबांवर, खाली कोंबड्या. जिना चढून वर गेले तर पंचवीस-तीस माणसं चटयांवर बसलेली. मध्ये केळीच्या पानांचा उंच निमुळता मनोरा, त्यात झेंडूची फुलं खोचलेली आणि कापसाचे पांढरे दोरे लटकवलेले. मला वाटलं लग्न आहे. मुलगी म्हणाली, “नाही. माझे वडील घरी आले. नदीपलीकडे, थायलंडच्या दवाखान्यात होते. दोन महिने.” मग तिनं मला समजावलं. त्यांच्यात असं मानतात, की माणसाच्या देहात बत्तीस जीव राहतात, एकेका अवयवाचा एकेक. आजारपणात, भीतीत, लांबच्या प्रवासात त्यातले काही घाबरून निघून जातात, वाटेत कुठेतरी राहून जातात. मग सगळ्यांनी जमून त्यांना हाका मारून परत बोलवायचं आणि परत आले की मनगटाला दोरा बांधून ठेवायचं. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि सगळे हसले.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“आई म्हणते, हिचे तर सगळे बत्तीसच्या बत्तीस घाटात सांडलेत. हिलाही बसवा.”

आणि मला त्या मनोऱ्याशेजारी, म्हाताऱ्या घरधन्याच्या बाजूला बसवलं. तेव्हा मी त्यांना नीट पाहिलं. वाळलेले, पण डोळे मिस्कील. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती, आणि छातीच्या मधोमध गळ्याखालून उतरत गेलेला टाक्यांचा व्रण. तो व्रण मी ओळखते. दोन वर्षं रोज पाहते आहे. ह्याला योगायोग म्हणा की आणखी काही, मी वाद घालत नाही. त्या देशात, त्या घाटात, त्या दिवशी मी ज्या घरात उचलून आणली गेले, तिथे छाती उघडून परत शिवलेला एक नवरा घरी आला होता आणि त्याचं कौतुक चाललं होतं, एवढंच घडलं.

एका वृद्ध माणसानं लांब सुरात हाका घालायला सुरुवात केली. ज्यांचे हात आमच्यापर्यंत पोचत नव्हते ते पुढच्याच्या खांद्याला हात लावून बसले होते. शेवटच्या माणसापासून आमच्यापर्यंत सगळे एकमेकांना जोडलेले. मग एकेक जण गुडघ्यांवर सरकत आला, दोऱ्यानं मनगटावरून हलकेच झाडल्यासारखं केलं आणि पुटपुटत दोरा बांधला. कापसाच्या जिल्ह्यातली बाई मी. हातानं वळलेल्या त्या सुताची ऊब मला ओळखीची वाटली. आणि त्याच वेळी माझ्या दुसऱ्या तळहातावर म्हातारीनं ठेवलं: चिकट भाताचा एक गोळा, एक उकडलेलं अंडं, एक छोटं केळं.

मी केळं उचलून खाल्लं. केळं चालतं. भात आणि अंडं तसंच हातात धरून बसले.

सगळे वाट पाहत होते. म्हातारीनं हातवारे केले, खा, खा. मी मुलीला सांगितलं, की आज माझा उपास आहे, नवऱ्यासाठी बोललेला. त्यांचंही असंच ऑपरेशन झालंय. एकवीस करायचे होते, हा शेवटचा आहे, चंद्र उगवेपर्यंत मला अन्न चालत नाही. हे मोडलं तर त्यांना पुन्हा काहीतरी होईल. परक्या भाषेत, परक्या माणसांपुढे, जे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं ते मी सांगत होते आणि रडत होते.

मुलीनं सगळं वडिलांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग हळू आवाजात थोडंसंच बोलले. मुलगी म्हणाली, “ते म्हणतात, मी दवाखान्यात होतो तेव्हा माझी बायको पण जेवत नव्हती. मी तिला म्हटलं, तू उपाशी बसलीस की मला एकट्याला घास जात नाही. मग माझं पोट कसं भरणार?” आणि त्यांनी माझ्या हातातल्या गोळ्यातून चिमूटभर भात तोडला, आपल्या तोंडात घातला, आणि उरलेला माझ्या ओठांपाशी धरला.

मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. गोळ्यांच्या वेळेमुळे ह्यांना आठच्या आत जेवावं लागतं. वीस संकष्ट्यांना मी ताट वाढून गच्चीवर गेले होते आणि हे ओट्याजवळच्या टेबलावर एकटे जेवले होते. एकदाही मी ते पाहिलं नव्हतं, कारण मी आकाशाकडे बघत होते. ज्याला घरी आणण्यासाठी मी नवस बोलले, त्याला घरी आल्यावर मी दर महिन्याला एकटं जेवायला लावलं होतं.

मी तोंड उघडलं आणि भात खाल्ला. मग अंडंही खाल्लं. अंडं मी एरवी खाते, पण संकष्टीला, भर दुपारी, इतक्या माणसांसमोर, भरल्या डोळ्यांनी खाल्लेलं ते पहिलंच. काही झालं नाही. वीज पडली नाही. पोटात ऊब उतरली आणि दोन वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. ते कोणी उचललं, हे मला विचाराल तर मी देवाचं नाव घेईन. पण त्याचे हात त्या दिवशी म्हाताऱ्याचे होते, सुरकुतलेले आणि भातानं चिकट झालेले.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरून घरी व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं. व्हायचं नव्हतं ते झालं, एकविसावी मोडली, आणि मला भीती वाटते, हेही सांगितलं.

हे म्हणाले, “अंडं नीट उकडलं होतं ना?”

“थट्टा नका करू.”

“थट्टा नाही वं. तुले काय वाटलं, मी तुह्या उपासावर चालून राह्यलो? डॉक्टरनं टाके घातले, मी गोळ्या घेतो, अन् बाकीचं त्याच्यावर हाय. व्हायचं तं कधीतरी होईनच. तू उपाशी राहून त्याले थांबवून ठेवशीन काय?” मग म्हणाले, “येवढी भीती होती तं सांगतलं काहून नाही मले?”

मी मनगटावरचे दोरे चाचपू लागले.

“बरं, जेवली काय आता रातचं?”

“बसणारच आहे.”

“मग फोन ठेवू नको. मी ताट घेऊन येतो.”

ते गेले, भांड्यांचा आवाज आला, आणि फोन डाळीच्या डब्याला टेकवून माझ्यासमोर बसले. भाकर, वांग्याची भाजी. इकडे म्हातारीनं बांबूच्या टोपलीतला भात माझ्यापुढे ठेवला होता. घरातली सगळी फोनभोवती गोळा झाली. म्हाताऱ्यानं सदरा बाजूला करून ह्यांना आपला व्रण दाखवला. ह्यांनीही बनियन खाली ओढून आपला दाखवला. दोघंही इतके हसले, की भाषेची गरजच पडली नाही. आम्ही जेवलो. जेवण होत आलं तेव्हा सुळक्यांच्या मागून चंद्र वर आला. मी घड्याळ न बघता त्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. पुढे व्हिएतनामची सरहद्द, समुद्रकाठचा लांब रस्ता, कंबोडियातली धूळ, सगळं झालं. चढ तितकेच होते, ट्रकही तितकेच. पण मी पुष्कळ हलकी झाले होते. घरी परतल्यावर आम्ही दोघं कळंबला गेलो, मी सायकलवर, हे एसटीनं. खाली उतरून चिंतामणीपुढे उभी राहिले तेव्हा काही मागायचं सुचलं नाही. एकविसावा चौकोन मी कोराच ठेवला आणि पुन्हा एकपासून मोजायलाही घेतलं नाही. संकष्टी अजूनही करते. फक्त आता ह्यांच्या जेवणाच्या वेळी त्यांच्यासमोर बसते, फळं खात, आणि ते मला दुकानातल्या गमती सांगतात. चंद्र त्याच्या वेळेला उगवतो. त्याला माझी राखण लागत नाही. काळजी करणं आणि काळजी घेणं यात फरक आहे. दुसरी गोष्ट माझ्या हातात आहे आणि ती मी मनापासून करते. पहिली चिंतामणीवर सोपवली, की हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हातावरच कोणी काही ठेवू शकतं.

एक चुटपुट तेवढी राहिली. प्रवासात भेटलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव मी वहीत लिहीत असे. पाणी देणारा, पंप देणारा, रस्ता सांगणारा, सगळे आहेत. त्या घरातल्या कोणाचंच नाव मात्र मी विचारलं नाही. इतकी आपल्या घरासारखी बसले होते, की सुचलंच नाही. आता संकष्टीला चंद्र पाहून जेवायला बसले, की पहिला घास उचलताना ती ओसरी डोळ्यांपुढे येते. ती बारीक म्हातारी, तिची मुलगी, तो मिस्कील डोळ्यांचा घरधनी. नावं नाहीत, म्हणून मी नुसतंच म्हणते, ‘चिंतामणी, ते घर सुखी ठेव.’ कोणतं, हे त्याला माहीत आहे.